ऊन पडल्यावरचा बर्फ

माझी लेक माझ्या कालच्यात राहते. म्हणजे कसं, इथे पिंपळगावजवळच्या आमच्या मळ्यात शनिवारची सकाळ उजाडते आणि मी चहाला आधण ठेवते, तेव्हा तिच्याकडे अजून शुक्रवारचीच संध्याकाळ असते. ती कॅनडात, अगदी पश्चिमेच्या टोकाला, समुद्रकाठी. फोनच्या काचेत तिच्यामागे खिडकी दिसते, खिडकीत निळा पडत चाललेला डोंगर, आणि माझ्यामागे म्हणे तिला द्राक्षाच्या वेली दिसतात, त्यांच्यावरचं धुकं दिसतं. दोघी एकमेकींच्या मागचंच बघत बसतो. बोलायचं राहून जातं कधी कधी.

तिथला डोंगर समुद्राला खेटून उभा आहे. आपलं कोकण आणि सह्याद्री कसे शेजारी, तसंच ग आई, ती म्हणायची, फक्त आपल्याकडे पाऊस पडतो तिथे आमच्याकडे बर्फ पडतो. समुद्रावरून आलेला म्हणून ओला आणि जड. एका रात्रीत कंबरभर. ह्या बर्फात ती चालायला जाते. पायांना लांब पट्ट्या बांधून, दिवसभर चढत, जिथे रस्ता नाही, दुकान नाही, माणूस नाही, तिथे. पाठीवरच्या पिशवीत घडीचं फावडं असतं, घडीचा लांब गज असतो आणि छातीशी एक यंत्र बांधलेलं असतं, जे आत सारखं टिकटिकतं. फावडं कशाला ग, मी पहिल्यांदा विचारलं. कुणी बर्फाखाली गेलं तर उकरायला, ती म्हणाली. आणि गज? कुठे उकरायचं ते टोचून बघायला. ते यंत्र गाडलेल्या माणसाचा ठाव सांगतं म्हणे. आमच्या ह्यांनी मान हलवली. म्हणाले, आपण पोरीला एवढं शिकवलं आणि ती फावडं घेऊन कामाला जाते, तेही सुट्टीच्या दिवशी.

पण मला त्या डोंगराचं वेड लागलं, खोटं कशाला सांगू. तिने माझ्या फोनमध्ये तिथलं बर्फाचं पत्रक टाकून दिलं. रोज येतं ते. इंग्रजीत असतं, पण एका ठिकाणी बोट दाबलं की मराठी होतं. मराठी म्हणजे काय, देवाघरची मराठी. 'वाऱ्याने बनलेली लादी संवेदनशील आहे' असं काहीबाही. सुरुवातीला हसायला यायचं, मग सवय झाली. डोंगराचे ते तीन भाग करतात: खालचं रान, झाडं संपतात तो पट्टा, आणि वरचा उघडा माथा. प्रत्येकाला बर्फ कोसळायच्या धोक्याचा एक आकडा, एक ते पाच. दुपारी बागेतून आले की मी ते वाचत पडायची. वाचता वाचता डोळा लागायचा आणि आपल्याच घरावर, गोठ्यावर, कांद्याच्या चाळीवर तो जड बर्फ अलगद उतरताना दिसायचा. आवाज नाही, काही नाही. सगळं गोल गोल होऊन जायचं. जाग आली की तोंड गार लागायचं.

बर्फ एक नसतो हे मला तिनेच समजावलं. दुधावर साय धरते, ती न काढता पुन्हा दूध ओतायचं, पुन्हा साय, पुन्हा दूध, तसे थर पडत जातात. कधी मधे उघड्या, कडाक्याच्या थंडीचे दिवस येतात, तेव्हा वरच्या बर्फावर दवाची पिसं उगवतात, बारीक, काचेसारखी, उभी. बघायला इतकी सुंदर की पाय ठेववत नाही, म्हणाली. मग वादळ येतं आणि त्या पिसांवर जड बर्फ टाकून जातं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. खाली ती पिसं तशीच उभी असतात, हातभर बर्फ डोक्यावर घेऊन.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा थंडीने कहर केला होता. द्राक्षाला थंडीइतका वैरी नाही. मण्यात साखर उतरायला लागलेली असते आणि नेमका गारठा पडतो, मण्याची फुगवण थांबते, पहाटे पहाटे मणी तडकतात. मग सगळी निफाडकडची, आमच्याकडची माणसं पहाटे चारला उठून बागेत ओळीओळीने शेकोट्या पेटवतात. वेलींच्या मांडवाखाली धूर भरून राहतो, त्यात माणूस दिसत नाही, नुसता खोकला फिरताना ऐकू येतो. आठ दिवस आम्ही तसेच काढले. नवव्या दिवशी सकाळी साडेसात वाजता ऊन पडलं. नुसतं पडलं नाही, ऊब घेऊन पडलं. हे वेलीखाली उभे राहिले, एक मणी दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "सुटलो ग."

त्याच वेळी तिचा फोन आला.

तिच्याकडेही तसंच झालं होतं. आधी दहा दिवस कोरडी थंडी, मग तीन दिवस वादळ, आणि आता उद्या ऊन. हवा एकदम उबदार होणार, आकाश निळं होणार. तिची एक मैत्रीण आहे, डोंगरातली जोडीदारीण, तिथलीच, बिनधास्त बाई. दोघींचं उद्या वरच्या उघड्या उतारावर जायचं घाटत होतं. मैत्रीण तर कधीची तयार होती. लेक म्हणाली, पत्रकात वरच्या भागाला तीन आकडा दिलाय. तीन म्हणजे मधला, मी म्हटलं. हो, मधलाच, ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "ऊन पडणार आहे उद्या. तुला काय वाटतं?"

आता मला काय वाटायचं. माझ्या दारात ऊन पडलं होतं, आठ दिवसांनी. माझे हात धुराने काळे होते आणि घोसावर नुसतं सोनं सांडल्यासारखं दिसत होतं. थंडी गेली म्हणजे संकट गेलं, हे आमच्या हाडांत बसलंय. मी म्हटलं, अगं मग बरं झालं की, ऊन पडतंय, जीव सुखावेल, जाऊन ये. तिने नेहमीसारखा तळवा फोनसमोर धरला. घरातून लांब निघताना हातावर दही घालायची आमची रीत, तर मी चमच्याने इकडून घातल्यासारखं करते आणि ती तिकडून चाटल्यासारखं करते. त्या दिवशीही केलं. "येते," ती म्हणाली. "ये हो," मी म्हटलं. तिचा चेहरा क्षणभर तसाच राहिला काचेत, कसला तरी विचार करत असल्यासारखा, आणि मग गेला.

दिवस छान चालला होता. दुपारी जेवणं झाली, हे आडवे झाले आणि मी उन्हात पाठ करून पायरीवर बसले, केसांना तेल लावायला. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून बाटली सकाळपासून पायरीवर उन्हात ठेवली होती. घेतली, बघितली, तर तेल अजून पांढरंच होतं, घट्ट. पण कडेने, काचेला लागून, जरासं पाणी सुटल्यासारखं झालं होतं. मी बाटली तिरकी केली. आतला तो पांढरा गोळाच्या गोळा, न वितळता, न तुटता, अख्खा सरकला आणि तोंडाशी येऊन आदळला.

किती वेळ मी ती बाटली हातात धरून बसले, माहीत नाही. पुन्हा उभी केली, पुन्हा तिरकी केली. पुन्हा सरकला.

माझं माहेर इगतपुरीचं. वडील रेल्वेत, घाटातल्या रुळांवरून चालत जाऊन दरडी बघायचं त्यांचं काम. पावसाळ्याचे चार महिने डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात कंदील आणि लाल झेंडी. आम्हा पोरांना वाटायचं, धो धो कोसळतो तेव्हा बाबांना भीती वाटत असेल. पण ते पावसात निवांत जायचे. उघडीप झाली, ऊन पडलं, आई वाळवणं बाहेर काढायला लागली, की बाबांचा जेवणातला जीव उडायचा. दोन घास उभ्याने खाऊन निघायचे. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले होते, "पाऊस पडतो तोवर डोंगर आवळून बसतो. ऊन पडलं की अंग सैल सोडतो." एवढंच. मी तेव्हा सात-आठ वर्षांची, मला ते डोंगर म्हणजे एक म्हातारं माणूस आहे, पाय पसरून उन्हात बसलेलं, असंच वाटलं होतं, आणि पुढे लग्न होऊन इकडे द्राक्षांत आले ती सगळं विसरूनच गेले. इकडचं ऊन वेगळं होतं ना. इकडचं ऊन आपलं होतं.

मी फोन उघडला, पत्रक पुन्हा वाचलं. या वेळी आकडा नाही, खालचा मजकूर वाचला, जो मी नेहमी सोडून द्यायची. त्या देवाघरच्या मराठीत लिहिलं होतं की जुन्या पिसांचा थर वादळी बर्फाखाली गाडला गेला आहे, आणि पहिल्या जोरदार उन्हात तो वागेल कसा ते सांगता येत नाही.

तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ती फोन मुका करून झोपते. आणि पहाटे पाचला निघणार होती, म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. मधे सगळी दुपार होती.

ह्यांना उठवलं, सांगितलं. बाटलीही दाखवली. त्यांनी ती स्वतः तिरकी करून बघितली. मग म्हणाले, बर्फाचं शिकलीये ती, तिला कळत नाही का. कळत असेल, मी म्हटलं, पण मी ये म्हटलंय. "मग झालं ना," हे म्हणाले. "ये म्हटलेल्या माणसाला मागनं हाक मारत नसतात. तूच पोरांना शिकवलंयस."

ते खरं होतं. आमच्या घरात निघालेल्या माणसाला मागून टोकायचं नाही, कुठे निघालास असं विचारायचं नाही. हे एकदा डबा विसरून निघाले होते, तर मी हाक मारली नाही, शेताच्या बांधाने धावत पुढे गेले, रस्त्यावर समोर जाऊन उभी राहिले आणि मग डबा दिला. दम लागून बोलता येत नव्हतं. समोर जाऊन उभं राहिलेलं चालतं. मागून हाक चालत नाही. चाळीस वर्षं मी हे पाळलंय आणि सगळी माणसं संध्याकाळी घरी परत आलीत, त्यामुळे त्यात काही नाही असं म्हणायची माझी छाती नाही.

दुपारभर मी घरात फिरत होते, पण असं वाटत होतं की घरच कुठेतरी चाललंय आणि मी जागेवर आहे. वाटाणे सोलायला घेतले, सोललेले टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात. ऊन अंगणातून सरकत गोठ्याच्या भिंतीवर गेलं. ते इतकं सुरेख होतं, पिवळं, आणि मला ते बघवत नव्हतं. हेच ऊन आता पृथ्वीच्या मागून फिरून तिच्या डोंगरावर जाणार, अगदी हेच, दुसरं कुठून आणतील. मी त्याला म्हणत होते, जरा दमानं.

आणि एकीकडे डोक्यात चालू होतं, की फोनला पाठ असते का? ती माझ्याकडे तोंड करून नसते, पाठ करूनही नसते. पृथ्वी गोल आहे म्हणतात. मग मी तिच्या मागे आहे की तिच्या पुढे? माझ्याकडे तर तिचा उद्या आधीच उजाडून मावळायलाही आला होता. म्हणजे मीच पुढे जाऊन उभी आहे की. असं आपलं मी माझ्यापुरतं जुळवत होते. जुळत होतं असं नाही.

सव्वासहाला दिवा लावला आणि त्याच हाताने फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तिने उचलला तेव्हा मागे गाडीचा आवाज होता. त्या लवकरच निघाल्या होत्या.

"आई? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू कुठे आहेस?" म्हणजे टोकलंही आणि कुठे असंही विचारलं. दोन्ही एका दमात झालं.

"गाडीत. आता दहा मिनिटांत रेंज जाईल. का ग?"

"मी सकाळी ये म्हटलं ना, ते परत घेते."

मी तिला बाटलीचं सांगितलं. ती बाटली, ते कडेचं सुटलेलं पाणी, अख्खा सरकलेला गोळा. वडिलांचं सांगितलं, जे तिला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मी द्राक्षवाली बाई आहे, मला ऊन दिसलं की मी हरखते, माझं ऐकू नकोस, म्हणजे आत्ताचं ऐक. काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. दाराशी हे उभे होते, हातात टोपी धरून.

तिकडे तिने मैत्रिणीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मैत्रीण मोठ्याने हसली आणि काहीतरी म्हणाली, त्यातला 'मॉम' एवढाच मला कळला. मग गाडीतला तो टिकटिक आवाज आला, वळताना येतो तो. आणि मग फोन तुटला. वळली कुठे, मागे की पुढे, ते कळलंच नाही.

रात्रीचं काही सांगत नाही. पहाटे चारला उठलो. ऊब आली होती तरी ह्यांचा भरवसा नव्हता, म्हणाले आजचा एक दिवस पेटवू. मला बरंच वाटलं, हाताला काम मिळालं. मांडवाखाली धूर भरला, काट्या तडतडल्या, आणि मी ओळीच्या टोकाशी उकिडवी बसून आग सारत होते. धुरात पांढरं पांढरं सगळं. वेली मांडवापर्यंत बुडाल्या होत्या आणि मी कुठे आहे ते मला नीट सांगता आलं नसतं, मळ्यात की तिच्याकडे. साडेपाचला कमरेत खोचलेला फोन थरथरला.

"आई, घरी आले."

मी म्हटलं, बरं.

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. त्या गेल्या होत्या, पण वर नाही. खालच्या रानातून झाडं संपतात तिथपर्यंत गेल्या. तिथे तिने फावड्याने छातीइतका खड्डा खणला आणि थर बघितले. पिसं होती. तिने वरून तळव्याने थापटी मारली, हलकीच, तान्ह्याला मारावी तशी, तर वरचा ठोकळा सरळ सुटून तिच्या मांडीवर आला. मैत्रीण म्हणाली, हा खड्डा सावलीत आहे, वरच्या उतारावर असं नसेल. लेक म्हणाली, मी जात नाही. दोघी तिथेच झाडाखाली बसल्या आणि चहा प्यायल्या. तेवढ्यात चार जणांचा एक गट त्यांच्या शेजारून वर गेला, गाणी म्हणत. दुपारी ते चौघे त्याच उघड्या उतारावरून खाली आले, हसत, ओरडत, पाठीमागे बर्फाचा धुरळा उडवत. मैत्रीण ते बघत होती. परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही.

"उतार तसाच आहे, आई. काही आलं नाही खाली."

मी आग सारत राहिले. खरं सांगू, मला आधी त्या चौघांचंच बरं वाटलं. मग लाज वाटली, की आपण केवढा गोंधळ घातला, तिचा दिवस घालवला. मी तसं म्हटलं तिला. म्हटलं, चुकलंच माझं, दोन्ही वेळेला.

धुरामुळे तिला मी दिसत नव्हते, फक्त जाळ दिसत असणार.

"तुला मी कशाला फोन केला होता शुक्रवारी?" ती म्हणाली. "तू नको म्हणावंस म्हणून."

"मग तसं सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तो माझाच नको झाला असता. मैत्रिणीसमोर माझा नको टिकत नाही. आई नको म्हणाली म्हटलं की टिकतो." मग हसली. "आणि तू तर ऊन पडलंय म्हणून नाचायला लागलीस."

एवढी शिकलेली, चाळिशीला आलेली बाई, तिला खड्डा खणता येतो, थर वाचता येतो, आणि नको म्हणायला आई लागते. मला रागवावं की जवळ घ्यावं कळेना. लग्नाआधी मलाही कुणी नाटकाला, जत्रेला बोलावलं आणि जायचं नसलं, की मी हेच म्हणायची, आई नको म्हणते. माझ्या आईला त्यातलं निम्मं माहीतही नसायचं.

उजाडलं. हे धुरातून आले, म्हणाले आता विझवा, ऊब आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे काही झालंच नाही." नाही, मी म्हटलं. "मग तर लय बेस," ते म्हणाले आणि बादली आणायला गेले.

ह्याची किंमत तिने मोजली, ते मात्र सांगायला हवं. त्या मैत्रिणीने पुढचे कितीतरी शनिवार तिला बोलावलं नाही. दुसऱ्यांबरोबर गेली, फोटो पाठवत राहिली, निळं आकाश, पांढरे उतार, त्यात छोटी छोटी माणसं. एकही डोंगर कोसळला नाही. माझी लेक त्या सगळ्या शनिवारी खिडकीशी बसून माझ्याशी बोलायची, आणि ते पत्रक मला ओळीओळीने नीट मराठीत वाचून दाखवायची. आता मला आकड्यापेक्षा खालचा मजकूर आधी कळतो. तिच्या खिडकीतला डोंगर हळूहळू निळा होत जायचा, माझ्याकडे ऊन वर यायचं.

"तुझ्यामुळे घरी बसलेय," ती कधी कधी म्हणायची. थट्टेत म्हणायची, पण सगळी थट्टा नसायची.

"बस," मी म्हणायची.